बाणाआधी आवाज पोहोचतो

आधुनिक शिकारी धनुष्यातून सुटलेला बाण ताशी सुमारे तीनशे किलोमीटर वेगाने जातो. अठरा मीटरवर हरीण निवांत चरते आहे, नेम अचूक आहे, हातही स्थिर आहे. तरीही तो बाण हरणाच्या पाठीवरून रिकामा निघून जाऊ शकतो. हरणाला बाण दिसलेला नसतो. त्याने धनुष्याच्या दोरीचा आवाज ऐकलेला असतो.

याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने मांडता येतो. सेकंदाला 85 मीटर जाणाऱ्या बाणाला अठरा मीटर कापायला साधारण 0.21 सेकंद लागतात. ध्वनी तेच अंतर 0.05 सेकंदात पार करतो. उरलेला सेकंदाचा जेमतेम सहावा भाग हरणाच्या वाट्याला येतो. तेवढ्यात ते पळून जाऊ शकत नाही, पण पळण्याची तयारी करू शकते. उसळी घ्यायची तर आधी पाय दुमडून अंग खाली घ्यावे लागते. आधार काढून घेतलेली कोणतीही वस्तू 0.1 सेकंदात 5 सेंटिमीटर आणि 0.2 सेकंदात 20 सेंटिमीटर खाली येते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा असते जेमतेम वीत-सव्वा वीत. अंतर दुप्पट झाले की हरणाला मिळणारा वेळ दुप्पट होतो, आणि त्या वेळात अंग जितके खाली येऊ शकते ते अंतर चौपट.

अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार शिकायला निघालेल्या माणसाची सगळी विद्या या हिशेबातून सुरू होते. बंदूकवाला दोनशे मीटरवरून काम उरकतो. धनुष्यवाल्याला वीस-पंचवीस मीटरपर्यंत पोहोचावे लागते किंवा हरीण तिथवर येईपर्यंत थांबावे लागते. एवढ्या जवळ हरणाचे नाक, कान आणि डोळे माणसाच्या कितीतरी पुढे असतात. त्यामुळे नवशिक्याला आधी हरीण शिकावे लागते, धनुष्य त्याच्या मागून येते.

हे हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचे हरीण. कॅनडापासून दक्षिण अमेरिकेत पेरूपर्यंत ते पसरलेले आहे. अमेरिकेच्या उत्तरेकडील थंड राज्यांत नराचे वजन शंभर किलोंच्या पुढे जाऊ शकते. आपल्या चितळ-सांबरांप्रमाणे त्याचीही शिंगे दरवर्षी झडतात आणि नवी येतात. धोका जाणवला की ते शेपटी उभारते आणि तिची पांढरीशुभ्र आतली बाजू फडकवत झाडीत दिसेनासे होते. धनुष्य-शिकार शिकणाऱ्या बहुतेकांना पहिल्या हंगामात हरणाचे हेच एक दर्शन घडते.

या शिकारीच्या आधुनिक इतिहासात विस्कॉन्सिन राज्याला मानाची जागा आहे. 1934 मध्ये तिथे केवळ धनुष्यासाठी हरणांच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम ठेवला गेला. वन्यजीव व्यवस्थापनाला शास्त्राचे रूप देणारे आल्डो लिओपोल्ड याच काळात तिथल्या विद्यापीठात शिकवत होते, आणि ते स्वतः लाकूड तासून धनुष्ये बनवत. आजही तिथला धनुष्याचा हंगाम सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला शिकारी सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय सहसा परवाना मिळत नाही. या शिक्षणातला एक मूलभूत नियम आपल्याला ऐकल्या-ऐकल्या पटतो: सावज आणि त्याच्या मागे काय आहे हे स्पष्ट दिसल्याशिवाय बाण सोडायचा नाही. घागर बुडताना झालेल्या आवाजावर शब्दवेधी बाण सोडणारा दशरथ राजा या परीक्षेत नापास झाला असता.

नवशिक्याच्या हाती आज बहुधा कंपाउंड धनुष्य येते. साधे लाकडी धनुष्य जितके ओढावे तितके जड होत जाते, आणि नेम धरण्याच्या नेमक्या क्षणी ते सर्वांत जड असते. मिसुरी राज्यातले हॉलेस विल्बर अ‍ॅलन हे हौशी धनुष्य-शिकारी होते. हरणापर्यंत बाण अधिक वेगाने जावा म्हणून त्यांनी धनुष्याच्या टोकांना चाके लावली. या चाकांचा आस मध्यावर नसतो. त्यामुळे दोरी ओढताना भार आधी वाढतो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उतरतो. 1966 मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 मध्ये ते मिळाले. आजच्या 60 पौंडांच्या, म्हणजे साधारण 27 किलो भाराच्या धनुष्यात 80 टक्के भार उतरला, तर पूर्ण ओढलेल्या स्थितीत हातावर जेमतेम साडेपाच किलो राहतात. ओढून घातलेली ऊर्जा मात्र धनुष्याच्या पात्यांत तशीच साठून असते. हरीण झाडाआड थांबले तर पुन्हा बाहेर येईपर्यंत दोरी ओढून धरणे यामुळेच शक्य होते.

हरणांसाठी जन्मलेल्या या धनुष्याने पुढे महाराष्ट्राचे नाव जगात नेले. 2023 मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत कंपाउंड प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली, आणि त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला आला. त्यांचे निशाण पन्नास मीटरवर असते. एवढ्या अंतरावर हरीण दिसले तर जाणता शिकारी बहुधा बाण भात्यातच ठेवतो, कारण कागदाचे निशाण दोरीचा आवाज ऐकून खाली बसत नाही.

बाणाचेही स्वतःचे चमत्कार आहेत. साध्या धनुष्यावर बाण दांड्याच्या बाजूला टेकलेला असतो. दोरी सुटली की तो दांड्यावर आपटून भरकटायला हवा, पण तो सरळ जातो. 1930च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपले. बाण सुटताना धनुकलीसारखा वाकतो, दांड्याला वळसा घालतो, मग उलट बाजूला वाकतो आणि थरथरत पुढे जाताना सरळ होत जातो. म्हणून बाणाचा ताठपणा धनुष्याच्या जोराशी जुळावा लागतो. फार ताठ बाण एका बाजूला जातो, फार लवचीक बाण दुसऱ्या. कंपाउंड धनुष्यावर दोरी बोटांऐवजी चापाने सोडतात, त्यामुळे आडवा वाक कमी होतो, पण ताठपणाची जुळणी तिथेही चुकवून चालत नाही.

शिवाय सुटल्या क्षणापासून गुरुत्वाकर्षण बाणाला खाली ओढत असते. आपल्या 85 मीटर वेगाच्या बाणाची घसरण अठरा मीटरवर 22 सेंटिमीटर, सत्तावीस मीटरवर अर्धा मीटर आणि छत्तीस मीटरवर 90 सेंटिमीटर होते. यासाठी धनुष्यावर एकाखाली एक रंगीत पिना असतात, प्रत्येक पिन एका अंतराची. सत्तावीस मीटरवरच्या हरणाला छत्तीस मीटरची पिन लावली, तर बाण पंधरा-सतरा सेंटिमीटर वर लागतो. जंगलात, संधिप्रकाशात, नुसत्या नजरेने नऊ मीटरची गफलत सहज होते. म्हणून अनुभवी लोक हरीण येण्याआधीच आजूबाजूच्या झाडांची अंतरे मोजून ठेवतात.

आता सर्वांत गंभीर आकडा. 26 ग्रॅमच्या बाणाची ऊर्जा भरते साधारण 94 ज्यूल. हरणाच्या शिकारीसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अनेक रायफलींच्या गोळीची ऊर्जा साडेतीन हजार ज्यूलच्या पुढे असते. गोळी आपल्या धडकेने ऊती फोडते. बाणाकडे ती धडक नाही. तो वस्ताऱ्यासारख्या धारेच्या पात्याने कापतो आणि हरीण रक्तस्रावाने मरते. दोन्ही फुप्फुसे छेदली गेली तर ते थोड्याच सेकंदांत कोसळते, पण तेवढ्यात पन्नास-शंभर मीटर धावलेले असते. बाण पोटात लागला तर मरण तासन्‌तास लांबते. यामुळे नवशिक्याला हरणाच्या उभे राहण्याचा कोन वाचायला शिकवतात. हरीण आडवे उभे असेल किंवा किंचित पाठ करून उभे असेल, तरच पुढच्या पायामागची जागा मोकळी मिळते. समोर तोंड करून उभ्या असलेल्या हरणावर बाण सोडायचा नाही, ते कितीही जवळ असो.

पण एवढे जवळ यावे कसे? पहिला पहारेकरी नाक. वारा शिकाऱ्याकडून हरणाकडे वाहत असेल, तर सकाळ फुकट गेली असे समजावे. वाऱ्याचेही दोन थर असतात. एक हवामानाचा, जो अंदाजात कळतो. दुसरा जमिनीचा: सकाळी ऊन पडून उतार तापला की हवा चढणीकडे सरकते, संध्याकाळी गार होऊन दरीत उतरते. डोंगराच्या एकाच सोंडेवर सकाळची योग्य जागा संध्याकाळी अगदी चुकीची ठरते. हे अदृश्य प्रवाह पाहायला अमेरिकी शिकारी खिशात मिल्कवीड या रानझुडपाच्या बोंडातला कापूस ठेवतात. ते झुडूप आपल्या रुईच्या कुळातले. चिमूटभर कापूस सोडला की तो तरंगत जातो, मध्येच वळतो, एखाद्या घळीत ओढला जातो, आणि हवेचा सगळा नकाशा दिसू लागतो. लहानपणी ज्यांनी रुईच्या म्हाताऱ्या उडवल्या आहेत, त्यांना या उपकरणाची ओळख करून द्यायला नको.

दुसरा पहारेकरी डोळा. हरणाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने मान न वळवता त्याला सुमारे 300 अंशांचा परिसर दिसतो. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या, हरणाच्या डोळ्यात दोन. निळा रंग त्याला चांगला दिसतो. नारिंगी आणि लाल हिरव्यात मिसळून जातात. म्हणूनच बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्यांनी घालायचे भडक नारिंगी जाकीट माणसांना दुरून दिसते आणि हरणाला खुपत नाही. विस्कॉन्सिनने 2016 मध्ये भडक गुलाबीलाही मान्यता दिली. उलट अतिनील प्रकाश आपल्या डोळ्यातले भिंग अडवते, हरणाचे तितके अडवत नाही. त्यामुळे पांढरे कपडे उजळवणाऱ्या धुण्याच्या पावडरीने धुतलेला झाडपानी रंगाचा सदरा आपल्याला रानात हरवल्यासारखा वाटतो, हरणाला मात्र तो चमकताना दिसू शकतो. हरणाच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा पडदाही असतो, त्यामुळे अंधूक उजेडात, म्हणजे पहाटे आणि तिन्हीसांजेला, त्याची नजर आपल्यापेक्षा सरस ठरते. आणि त्याचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे हालचाल पकडणे. स्थिर माणूस त्याच्या नजरेतून सुटतो, पण हललेले कोपर सुटत नाही.

तिसरा पहारेकरी कान. दोन्ही कान स्वतंत्रपणे फिरतात, आणि झाडाची साल घासणाऱ्या कपड्याचा आवाजही टिपतात.

या तिघांना चुकवण्यासाठी बहुतेक जण पाच-सहा मीटर उंचीच्या मचाणावर बसतात. हरीण वर कमी पाहते आणि माणसाचा वासही काही काळ वरून निघून जातो. या छंदातला मोठा धोका मात्र याच मचाणात आहे. शिकारीतल्या गंभीर दुखापतींचे एक प्रमुख कारण झाडावरून पडणे हे आहे. म्हणून जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत टेकेपर्यंत कमरेचा आणि खांद्याचा पट्टा झाडाला बांधलेला असावा, असे शिकवले जाते. उंचीचा आणखी एक तोटा असा की हरीण अगदी पायथ्याशी आले तर बाण फार तिरपा उतरतो आणि एकाच फुप्फुसात जाऊ शकतो. जवळ येण्यालाही मर्यादा आहे.

मचाण कुठे बांधायचे हे हरीणच सांगते. ओकची फळे पडलेली जागा, पाणवठ्याकडे जाणारी मळलेली वाट, झाडाच्या बुंध्यावर शिंगे घासून सोललेली साल. माजाच्या काळात नर खुराने जमीन उकरतो, त्यावर मुततो आणि वरच्या फांदीला कपाळ व डोळ्यांजवळच्या ग्रंथी घासून आपला निरोप ठेवतो. हा माज थंडीमुळे येत नाही. तो दिवस लहान होण्याशी बांधलेला असतो. उत्तरेकडील राज्यांत त्याचा भर नोव्हेंबरच्या मध्यावर असतो, त्यामुळे साधारण दोनशे दिवसांच्या गर्भारपणानंतर पाडसे उन्हाळ्याच्या सुरुवातीला, भरपूर पाल्याच्या दिवसांत जन्मतात. एरवी रात्रीच फिरणारा सावध नर या दिवसांत भर दुपारीही मादीच्या मागावर निघतो.

आणि मग कधीतरी ते येते. नवशिक्याचे हृदय धडधडू लागते, हात कापतात, गुडघे लटपटतात. याला तिथे ‘बक फीव्हर’ म्हणतात, आणि मैदानात एकही बाण न चुकवणाऱ्यालाही तो चढतो. दोरी ओढायची तर हरणाचे डोके झाडाआड असतानाच ओढावी लागते. त्या दोन सेकंदांसाठी सगळी तयारी असते, आणि बऱ्याचदा ते दोन सेकंद मिळतच नाहीत.

बाण लागला असे वाटले तरी लगेच खाली उतरायचे नाही. निदान अर्धा तास बसून राहायचे, कारण पाठलाग झाला तर जखमी हरीण दूर जाते; पाठलाग नसेल तर जवळच बसते. मग रक्ताचा माग. गुलाबी, फेसाळ रक्त फुप्फुसाचे. गडद लाल बहुधा यकृताचे. हिरवट, दुर्गंधी माग पोटाचा, आणि तसे दिसले की कित्येक तास थांबायचे. विस्कॉन्सिनमध्ये हरीण सापडल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत सरकारकडे नोंद करावी लागते. 2002 पासून तिथल्या हरणांत मेंदू झिजवणारा एक असाध्य रोग आढळत असल्याने मांस खाण्याआधी नमुना तपासून घेण्याचाही सल्ला दिला जातो.

या सगळ्या विद्येचा एक विलक्षण गुरू होऊन गेला. ऑगस्ट 1911 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ एक भुकेला, एकटा माणूस सापडला. तो ‘याही’ नावाच्या जमातीचा होता. गोऱ्या वसाहतवाल्यांनी केलेल्या हत्याकांडांत ती जमात संपली होती. त्याला ईशी म्हटले गेले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात ठेवले गेले. शेजारच्या रुग्णालयातले शल्यविशारद सॅक्स्टन पोप यांच्याशी त्याची मैत्री जमली. डॉक्टर शिष्य झाले, ईशी गुरू. जुनिपरच्या लाकडाला स्नायूतंतू चिकटवून धनुष्य कसे करायचे, दगडाचे पाते कसे पाडायचे, हे पोप त्याच्याकडून शिकले. शिकारीआधी ईशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे आणि सकाळी अंघोळ करी. ओठांत पान धरून तो पाडसाचा आवाज काढी, कधी हरणाचे पेंढा भरलेले मुंडके डोक्यावर घेऊन झुडपामागून डोकावे. दूरच्या गोल निशाणावर तो फारसा चमकत नसे. रानात, जवळून, तो तरबेज होता. 1916 मध्ये क्षयाने त्याचा मृत्यू झाला. 1923 मध्ये पोप यांनी धनुष्याच्या शिकारीवर लिहिलेले पुस्तक पुढच्या पिढ्यांचे पहिले पाठ्यपुस्तक ठरले. आज लाखो अमेरिकनांच्या छंदामागे एका संपवलेल्या जमातीच्या शेवटच्या माणसाचे शिक्षण आहे, हे त्या छंदाच्या अभिमान्यांनी विसरू नये.

हरणे मारण्यात कसले कौतुक, असा प्रश्न मराठी वाचकाला पडेल, आणि तो रास्त आहे. 1900च्या सुमारास बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने अमेरिकेत ही हरणे काही लाखांवर आली होती. मग कायदे आले. 1937 मध्ये बंदुका आणि काडतुसांवरील कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवण्यात आला, 1972 मध्ये धनुष्यबाणही त्या करात आले. आज हरणांची संख्या तीन कोटींच्या आसपास आहे. लांडगे बहुतेक भागांतून नाहीसे झाल्याने जंगलातली कोवळी रोपे हरणे फस्त करतात, आणि दरवर्षी दहा लाखांहून अधिक वाहने त्यांच्यावर आदळतात. तिथली शिकार या गणितात बसते. तरीही धनुष्यावरचा खरा आक्षेप उरतोच: जखमी होऊन कधीच न सापडणारे हरीण. त्याला उत्तर एकच, न सोडलेला बाण.

त्याच 1972 साली भारताने वन्यजीव संरक्षण कायदा केला, आणि 1991च्या दुरुस्तीनंतर परवान्याची हौशी शिकारही इथे संपली. आपली हरणे वाघ-बिबट्यांचे अन्न आहेत. हा कायदा योग्यच आहे. पण या विद्येचा नव्वद टक्के भाग धनुष्याशिवाय शिकता येतो. बुद्धपौर्णिमेला वनविभाग ताडोबा, मेळघाटसारख्या ठिकाणी पाणवठ्यांवरच्या मचाणांवर सामान्य माणसांनाही बसू देतो. तिथे गेलात तर उग्र वासाचा साबण टाळा, वारा कुठून येतो ते आधी पाहा, आणि चितळाचे कान कुणीकडे वळतात त्यावर लक्ष ठेवा. ते तुमच्यापासून वीस मीटरवर येऊन निर्धास्त पाणी पिऊन गेले, तर या विद्येची परीक्षा तुम्ही उत्तीर्ण झालात असे समजा.